पोरी, मंडळी सोडू नकोस

पोरी, तुझं दृढीकरण झालं, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून तू उत्तरं दिलीस, आणि आता नर्सिंग पूर्ण करून पुण्याला नोकरीला निघालीस. तुझ्या आईनं मसाला, लोणचं, चादरी सगळं बांधून दिलंय. आत्याकडून हे चार शब्द घेऊन जा. यातलं बरंचसं मला माझ्या सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि त्यांना त्यांच्या गावात येणाऱ्या बायबलबाईंनी. काही माझं स्वतःचं आहे, शाळेत आणि महिला मंडळात आयुष्य घालवून जमलेलं.

पहिली गोष्ट सांगते, बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात. प्रभूनं शिष्य एकेकटे घडवले नाहीत. बारा जणांना एकत्र बोलावलं, आणि ते बारा जण काही एकमेकांच्या पसंतीचे नव्हते. मत्तय जकातदार, म्हणजे रोमी सरकारसाठी आपल्याच लोकांकडून पैसे वसूल करणारा. शिमोन जिलोत, म्हणजे त्याच सरकारचा कट्टर विरोधक. या दोघांना एकाच वाटेवर चालायला लावलं, एकाच पंगतीला बसवलं. विचार कर, पहिल्या आठवड्यात त्या दोघांनी एकमेकांकडे कसं पाहिलं असेल! पण प्रीती करायची ती कोणावर, क्षमा करायची ती कोणाला, हे शिकायला समोर माणूस लागतो, आणि तो आपण निवडलेला नसला तरच धडा पक्का होतो. "मी घरीच प्रार्थना करते, मला चर्चची गरज नाही," म्हणणारी माणसं तुला शहरात पुष्कळ भेटतील. त्यांचा विश्वास खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण त्यांना चुकलं तर चुकलं म्हणणारं कोणी नसतं, आणि असा विश्वास हळूहळू आपल्याच आवडीनिवडीसारखा दिसायला लागतो.

आता वाचनाचं. रात्रपाळी करून आल्यावर डोळे मिटत असताना तीन अध्याय वाचायचा नेम करू नकोस, तो आठवडाभरही टिकणार नाही. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत. तारीख असेल तो अध्याय उघडायचा, म्हणजे काय वाचायचं हा प्रश्न उरत नाही आणि एखादा दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी सापडतं. सुट्टीच्या दिवशी मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच. सोळाच अध्याय आहेत, दीड तासात होतं. तुकड्यातुकड्यांनी ऐकलेली गोष्ट सलग वाचली की प्रभू किती चालतो, किती थकतो, शिष्य किती वेळा गोंधळतात ते कळतं. मोठ्यानं वाच. होस्टेलमध्ये संकोच वाटला तर ओठ हलवून वाच, पण नुसती नजर फिरवू नकोस.

आणि आठवड्यातून एकदा कोणाबरोबर तरी वाच. हे मी ठासून सांगते. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं ते खेड्यातल्या साध्या बाईला समजावं म्हणून. त्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ज्या मुलींना आणि बायकांना दुष्काळानं, वैधव्यानं रस्त्यावर आणलं होतं, त्यांच्यातल्याच काहीजणी खिळे जुळवायला शिकल्या, छपाई शिकल्या. रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. म्हणजे ते पुस्तक एका घरानं मिळून केलेलं काम आहे. अशा पुस्तकाची सवय एकटीनं लावून घ्यायची नसते. एखादी मैत्रीण, एखादी शेजारची आजी, कोणी तरी शोध. तिला कमी येत असेल तर तू वाच, तुला अर्थ लागत नसेल तर तिला विचार.

प्रार्थनेसाठी एक लहान वही ठेव. नाव, तारीख आणि अडचण, एवढंच लिहायचं. आपल्याकडे "प्रार्थनेत आठवण ठेवीन" हे वाक्य फार पटकन तोंडातून निघतं आणि कंपाउंडच्या बाहेर पडेपर्यंत विसरलंही जातं. म्हणून जिथे ते म्हणशील तिथेच, उभ्या उभ्या, दोन वाक्यांची प्रार्थना करून टाक. मग वहीत लिही. आणि लिहिताना स्वतःला विचार, यातलं माझ्या हातानं होण्यासारखं काही आहे का? कोणाच्या मुलाला फी कमी पडतेय, कोणाला दवाखान्यात सोबत हवीय. हातानं होणारं काम प्रार्थनेवर ढकलू नये.

रविवारचा प्रश्न तुझ्या नोकरीत येणारच. त्याच्यावर रडत बसू नकोस आणि रोज वादही घालू नकोस. ड्यूटीचा तक्ता लागायच्या आधी सिस्टर इनचार्जना जाऊन भेट, लागल्यावर नव्हे. बरोबरच्या मुलींना सांग, "दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी थांबते, ईदला मी थांबते, मला नाताळ आणि उत्तम शुक्रवार दे." आधी दे, मग माग. जी मुलगी दुसऱ्याच्या सणाला वॉर्ड सांभाळते तिच्या सणाला कोणीतरी उभं राहतंच. आणि ज्या रविवारी खरंच जमणार नाही, त्या आठवड्यात एखाद्या घरप्रार्थनेला जा. उपासना चुकली म्हणून माणसंही चुकवायची नाहीत.

चर्चमध्ये गेलीस की आपल्या गावाकडच्यांच्या बाकावरच बसू नकोस. नगरची माणसं एकीकडे, सोलापूरची दुसरीकडे, मराठवाड्याची तिसरीकडे, हे पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांत सर्रास दिसतं. अनोळखी बाईशेजारी बस, तिच्याकडे गीतपुस्तक नसेल तर आपलं मध्ये धर. आशीर्वाद झाल्याबरोबर रिक्षा पकडायची नाही. मंडळीचं निम्मं काम चर्चच्या दारातल्या त्या पंधरा-वीस मिनिटांत होतं: कोणाचं ऑपरेशन ठरलं, कोणाची नोकरी गेली, कोण दोन रविवार दिसलं नाही. आलेल्यांशी बोलशीलच, पण न आलेल्यांची नावं मनात धर आणि त्याच संध्याकाळी एक फोन कर. "का आला नाहीत" असं विचारू नकोस, ती हजेरी घेतल्यासारखं होतं. "आज तुमची आठवण झाली," एवढं पुरतं.

आता ज्याविषयी आपली माणसं बोलायचं टाळतात ते बोलते. जात. आपल्या नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. पुढे जे लोक प्रभूकडे आले त्यांत बहुतेक महार आणि मांग समाजातले होते, थोडे ब्राह्मण, थोडे इतर. त्या काळी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ या सगळ्यांनी एकत्र येणं, त्याच भाकरीतलं खाणं, ही केवढी मोठी गोष्ट होती याचा आज आपल्याला अंदाजही येणार नाही. ज्यांनी ते केलं त्यांना घरदार, वतन, नातीगोती सगळ्याची किंमत मोजावी लागली.

लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" तुझ्या बॅगेत घातलंय, ते वाच. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या हादरून गेल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. ते सोवळं कसं सुटत गेलं हे त्यांनी काही न लपवता लिहिलंय. विश्वास मनात आला म्हणून हात लगेच बदलत नाहीत, पण बदलावे लागतात, हे मला त्या पुस्तकानं शिकवलं. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं इथेच त्यांच्या शिष्यपणाची परीक्षा झाली, आणि त्या उत्तीर्ण झाल्या.

आपण मात्र अजून तिथेच अडकतो. एरवी सगळे बंधू-भगिनी, आणि स्थळ आलं की हळूच प्रश्न: "मूळचे कोण?" प्रभुभोजन एकत्र घेणारी दोन घरं सोयरीक म्हटली की मागे सरतात. मी याला स्पष्ट पाप म्हणते. करिंथच्या मंडळीत खाऊन-पिऊन सुखी असलेले लोक आधी येऊन जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलानं त्यांना किती कडक शब्दांत लिहिलं ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पाहा. जे मेज सगळ्यांना एक करतं, त्याच मेजावर त्यांनी फूट पाडली होती. तर तुझ्यासाठी नेम असा: मंडळीतल्या कोणाच्याही घरी गेलीस तर पाणी माग. पुढे येईल ते खा. तुझं मूळ कोणी विचारलं तर न लाजता सांग, आणि उलट प्रश्न करू नकोस. आणि तुझं स्वतःचं लग्न ठरायची वेळ आली की मुलाचा स्वभाव बघ, व्यसन बघ, तो प्रार्थना करतो का ते बघ. जातीवरून घरात कोणी आडवं आलं तर मला फोन कर. मी येऊन तुझ्या बापाशी बोलेन.

पैशाचं थोडक्यात सांगते. पगार हातात आला की आधी दशांश बाजूला काढ, महिनाअखेरीस उरलेलं देऊ म्हणशील तर काही उरत नाही. त्यातला मोठा भाग मंडळीच्या लिफाफ्यात घाल आणि थोडा स्वतःजवळ ठेव, कोणाला गुपचूप द्यायला. सुगीच्या सणाचा लिलाव तू लहानपणापासून पाहिलायस. कोणी दुधी आणतं, कोणी कोंबडी, कोणी बाजरीचं पोतं, आणि बोली चढत चढत दुधी हजाराला जातो. मला तो लिलाव आवडतो, कारण भूमिहीन बाईनं परसात लावलेली कोथिंबिरीची जुडीसुद्धा वेदीजवळ येते आणि तिला मान मिळतो. पण जे दान टाळ्यांत दिलं जातं त्यापेक्षा न सांगता दिलेलं दान माणसाला जास्त घडवतं. मंडळीतल्या कोणी उसने मागितले तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच दे, आणि देताना ते दिलेच समज. त्यापुढे हात जोडून नाही म्हण. उसनवारीनं तुटलेली नाती मी फार पाहिलीत.

तू नर्स आहेस, त्यामुळे आजारी माणसाच्या घरी तुला सगळ्यांच्या आधी बोलावतील. तिथे कसं वागायचं ते नीट ऐक. पलंगावर बसू नकोस, खुर्ची ओढून डोळ्यांच्या पातळीवर बस. आधी त्यांचं ऐक. गोळ्यांची पाकिटं बघायला माग, सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते पाकिटावर पेननं मराठीत लिहून दे. मग एखादं लहान स्तोत्र वाच. 121 वं स्तोत्र आठच ओव्यांचं आहे. प्रार्थना छोटी कर आणि ऊठ. आजाऱ्याला भेटीचा थकवा येतो हे भेटायला जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

बरं करणाऱ्या सभांना कोणी गेलं तर जाऊ दे, प्रार्थनेवर माझाही विश्वास आहे. पण तिथून येऊन कोणी इन्सुलिन बंद केलं, टीबीच्या गोळ्या सोडल्या, फिटच्या गोळ्या फेकून दिल्या असं कानावर आलं तर त्याच दिवशी त्या घरी जा. तिथे गप्प बसायचं नाही. समोर पाळक असोत, प्रचारक असोत. लूक वैद्य होता असं पौलानंच लिहिलंय, आणि तो पौलाच्या बरोबरीनं फिरला. औषध घेणं म्हणजे अविश्वास, असं प्रभूनं कुठेही शिकवलेलं नाही.

मरणाच्या घरी तर त्याहून जपून. "देवाची इच्छा," "देवाला जास्त आवडला," ही वाक्यं लेकरू गेलेल्या आईपुढे उच्चारू नकोस. ईयोबाचे मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोपर्यंत त्यांनी सगळं बरोबर केलं होतं, बिघडलं ते बोलायला लागल्यावर. तू जाऊन स्वयंपाकघरात शीर. भांडी घास, चहा टाक, लहान पोरांना खाऊ घाल. दफनविधीच्या दिवशी अंगण माणसांनी भरतं, आठवड्यानं निम्मी माणसं राहतात, महिन्यानं कोणी नसतं. तू महिन्यानं जा. तेव्हा त्या बाईपुढे मृत्यूचा दाखला, बँकेतलं नॉमिनीचं नाव, नवऱ्याचा फंड, रेशनकार्ड अशी कागदांची रास असते आणि तिला कुठून सुरुवात करावी कळत नसतं. तिच्याबरोबर बँकेत जाऊन रांगेत उभं राहणं ही सेवाच आहे. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात पाहा: यरुशलेमच्या मंडळीत पहिली मोठी कुरबूर झाली ती विधवांना रोजचं अन्न वाटण्यावरून. हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या, विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, वाटपासाठी मंडळीला सात माणसं निवडायला लावली, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांचं काम नीट लावलं. त्या सातांतला एक स्तेफन, जो पुढे ख्रिस्तासाठी दगडांचा मार खाऊन मेला. वाढप्याचं काम हलकं समजू नकोस.

भांडणं होतीलच. मंडळीत कमिटीची निवडणूक असते, जागेचे वाद असतात, कोणी कोर्टात गेलेलं असतं, आणि नवीन पोरीला दोन्ही गट आपल्याकडे ओढतात. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं क्रम सांगितलाय: आधी त्या भावाला एकट्याला गाठून सांग, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग. आपण उलटं करतो. आधी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, मग महिला मंडळात, आणि ज्याच्याविषयी आहे त्याला शेवटी, तेही तिसऱ्याकडून. तू क्रम मोडू नकोस. फोनवर वाद घालू नकोस, घरी जा. हिशेबाविषयी शंका असेल तर वार्षिक सभेत उभं राहून शांतपणे विचार, तो तुझा हक्क आहे. दारामागे कुजबुजणं हा कोणाचाच हक्क नाही. आणि माफी मागताना तिच्यात "पण" घालू नकोस. "माझं चुकलं" म्हणून थांब.

वॉर्डात साक्ष कशी द्यायची असं तू त्या दिवशी विचारलंस. ज्या म्हाताऱ्याला भेटायला कोणी येत नाही त्याची चादर वेळेवर बदल. रिपोर्ट खरा लिही, झोप लागली असेल तर लागली म्हण. नाताळात करंज्या, शंकरपाळ्या, केक शेजाऱ्यांच्या घरी स्वतः नेऊन दे आणि त्यांच्या दिवाळीला, ईदला हसत जा. कोणी विचारलं की विश्वासाविषयी बोल, न विचारता कोणाच्या दैवताविषयी वावगं बोलू नकोस. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताजवळ आलो, आणि त्यांनी प्रभूचं गाणं अभंगात, ओवीत आणलं. त्यांची गीतं पाठ कर. पेटी येते तुला, ती सोबत ने. शेजारची बाई धर्मानं कोणीही असली तरी ती चाल तिच्या ओळखीची असते, ती येऊन बसते, आणि मग बोलणं आपोआप निघतं.

कोरडे दिवसही येतील. प्रार्थना छताला लागून परत येते असं वाटेल. शंका येतील, वॉर्डात लहान मूल दगावलं की तर येतीलच. त्या वेळी थोमाची गोष्ट वाच. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी तो बाकीच्यांबरोबर नव्हता, म्हणून त्याला दिसलं नाही. त्याचा विश्वास बसेना, आणि त्यानं तसं तोंडावर सांगितलं. पण आठ दिवसांनी तो त्याच घरात, त्याच माणसांत होता. त्यांनी त्याला घालवून दिलं नाही आणि तोही रुसून गेला नाही. प्रभू त्याला तिथे भेटला. शंका घेऊनच ये, पण ये.

आपल्या पाळकांना मी सांगून ठेवलंय. ते तुझं शिफारसपत्र तयार ठेवतील, शनिवारी जाऊन सही-शिक्क्यानिशी घे. पुण्यात पोचल्यावर पहिल्याच रविवारी ते तिथल्या पाळकांच्या हातात दे, सभासदांच्या यादीत नाव लावून घे, आणि घरप्रार्थना कुठल्या वारी, कोणाकडे असते ते विचारूनच बाहेर पड. पुढच्या महिन्यावर टाकू नकोस.